स्तोयानची सही

१४ ऑक्टोबर २०१९, सोमवार
अल मन्सूरा, दोहा

दोह्याला येऊन सहा दिवस झाले. अमेयनं आज ही डायरी आणून दिली. त्याच्या कंपनीनं वाटलेली आहे. वर स्टेडियमचं चित्र आणि आत पानोपानी सुरक्षिततेचे सुविचार. आजचा सुविचार : काम करताना दोन्ही हात मोकळे ठेवा. मी निवृत्त माणूस, माझे मोकळेच आहेत.

वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं आहेत, पण गाव आत्ताच उकरून ठेवलंय. समोर पत्र्यांआड मेट्रोचं स्टेशन होतंय. वाण्याचं दुकान काल डावीकडून गेलं की लागत होतं, आज उजवीकडून लागलं. अमेय स्टेडियमचं विजेचं काम बघतो, सूनबाई नमिता शाळेत गणित शिकवते, नात ईरा चौथीत आहे. सकाळी सहाला तिघंही बाहेर पडतात. मग घरात मी आणि फ्रिज. फ्रिजवर फुटबॉलच्या चुंबकाखाली माझा एक कागद लावून ठेवलाय. त्याबद्दल नंतर लिहीन.

आमच्या दाराबाहेर, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यातला दिवा गेलाय. वीज मंडळात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या दारात अंधार! वॉचमन नसरुद्दीनला सांगितलं. तो म्हणाला, "साब, कंपनी को बोला है. कल, इन्शाल्ला." मी विचारलं, सोसायटीचा सेक्रेटरी कोण? सोसायटी म्हणजे काय, असं त्यानंच मला विचारलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

तो 'कल' काही उगवला नाही. नाशिकला 'सहजीवन सहकारी गृहनिर्माण संस्थे'चा मी अठरा वर्षं सेक्रेटरी होतो. वीस बिऱ्हाडं, सगळी वीज मंडळातली. सवय कुठे जाते? काल लिफ्टमध्ये इंग्रजीत नोटीस लावली. विषय एक : तिसऱ्या मजल्यावरील दिवा. विषय दोन : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. शुक्रवारी सकाळी दहा, स्थळ जिना.

दहाला खुर्ची टाकून बसलो. चिटपाखरू फिरकलं नाही. मग नियमाप्रमाणे गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही, ही सहकारातली सगळ्यात मोठी सोय आहे.

साडेदहाला चौथ्या मजल्यावरून पांढऱ्या केसांच्या एक धिप्पाड बाई उतरल्या. हातात नवा बल्ब. "मीटिंग इथेच ना?" त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, वर चढून बल्ब लावला, खाली उतरून हात झटकले आणि म्हणाल्या, "आता विषय दोन." ठराव एकमताने मंजूर.

बाई बल्गेरियाच्या. एका क्रीडा दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेत. वय एकसष्ट. नाव देसिस्लावा, पण सगळे 'देसी' म्हणतात म्हणे. ईरा दाराआडून हसून हसून लोळली. मी देसीबाई म्हणायचं ठरवलं.

संध्याकाळी नसरुद्दीन नोटिशीची नीट घडी घालून परत करायला आला. चेहरा उतरलेला. "साब, यहाँ ऐसे मीटिंग नहीं करते. मालिक पूछेगा तो मैं क्या बोलूँ?" त्याचं बरोबर आहे, जाब त्यालाच द्यावा लागणार. मी त्याची माफी मागितली. अमेयनंही मला फैलावर घेतलं. "बाबा, इथं करार कागदावर असतो, संपण्याच्या तारखेसकट. स्टेडियम झालं की माझंही खलास. इथं जीव लावायचा नाही कशात. सोसायटी वगैरे नाशिकला."

"मग नाशिकचं तरी काय ते ठरवा ना बाबा," नमिता फ्रिजकडे बघत म्हणाली.

मी फिरायला गेलो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज गावाकडे मतदान. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हुकलं. दिवसभर बोट कोरडं कोरडं वाटलं.

लिफ्टमध्ये देसीबाईंनी माझा कमरेवरचा हात पाहिला. "रोज कशापुढे वाकता?" मी म्हटलं, "आयुष्यात कोणापुढे वाकलो नाही." त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं नाही. खुर्ची, पलंग, बेसिन असं करत करत नाशिकच्या ओट्यावर आल्या. उंची किती? अठ्ठावीस इंच. तुम्ही? सहा फूट. "हे स्वयंपाकघर लहान मुलांसाठी बांधलं होतं का?"

मृणालिनीसाठी बांधलं होतं, पण ते मी सांगितलं नाही. चार फूट दहा इंच उंच होती. सत्त्याऐंशी साली तिनं गवंड्यासमोर उभं राहून कोपरापासून खाली हाताने माप दिलं, आणि 'माझ्या मापाचा करा, हे काही स्वयंपाक करणार नाहीत' असं माझ्यादेखत सांगितलं. कडप्प्याचा ओटा आहे, अजून टकाटक. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता मीच त्या ओट्यावर करतो सगळं. तिची आठवण येते, फार येते. त्याचा कमरेशी काही संबंध नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

पोपटरावांचा फोन आला. फोन चार्जिंगला होता. चार्जिंगला असताना मी उचलत नाही.

पोपटराव म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. आता फ्रिजवरच्या कागदाबद्दल लिहितोच, नाहीतर मी काही लपवतोय असं वाटेल. 'सहजीवन' पाडून तिथं नवी इमारत बांधायचं चाललंय. स्लॅब गळतो, लिफ्ट नाही, सभासद म्हातारे, हे सगळं मान्य. एकोणीस संमतिपत्रं आली. माझं यायचंय. मी विरोध केलेला नाही. मी वाचतोय. त्यातलं चौदावं कलम मोघम आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार, लक्ष्मीपूजन

देसीबाईंना फराळ नेऊन दिला. चकली त्यांनी आधी डोळ्यांसमोर फिरवून पाहिली, मग आठ खाल्ल्या.

त्यांचं गाव प्लेवेन. आई शहाऐंशी वर्षांची, तिथंच, पाच मजली सरकारी चाळीवजा इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. भिंतींना बुरशी. हिवाळ्यात एकच खोली गरम करणं परवडतं, म्हणून नोव्हेंबर ते मार्च म्हातारी स्वयंपाकघरात झोपते, अंगात ओव्हरकोट घालून. देसीबाई इथं आहेत त्या त्या गरम खोलीसाठी.

"तुमच्याकडे तर सगळं सरकारच द्यायचं ना?" मी विचारलं.

"द्यायचं की. कारखान्यानं वडिलांना घर दिलं. मला पाळणाघर, शाळा, नोकरी. उन्हाळ्यात समुद्रावर दोन आठवडे. अट एकच, विचारायचं काही नाही." त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. "मग एके दिवशी सरकार म्हणालं, आता काय वाट्टेल ते विचारा, मिळणार काही नाही. राहतं घर किरकोळ पैशात ज्याचं त्याच्या नावावर केलं. दाराच्या आत सगळे मालक झाले. जिना मात्र कोणाचाच राहिला नाही. आमच्या जिन्यात बल्ब लावला की सकाळपर्यंत चोरीला जातो. चोरणारा त्याच जिन्यातला असतो."

म्हणून त्या दिवशी बल्ब घेऊन आल्या होत्या. "तीस वर्षांत जिन्यासाठी बोलावलेली पहिली मीटिंग," त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. घरी येऊन दोनदा सांगितलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

देसीबाई सकाळीच कागदांची पिशवी घेऊन आल्या. आता कळलं, त्यांना सेक्रेटरी का हवा होता.

त्यांच्या नगरपालिकेनं जुन्या इमारती दुरुस्त करायची योजना काढलीय. बाहेरून जाड अस्तर, नव्या खिडक्या, छप्पर. राहणाऱ्यांना एक पैसा खर्च नाही. पण अर्जावर सगळ्या घरांच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तरी अर्ज बाद, आणि योजना पुन्हा कधी येईल देव जाणे. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. घरं वीस. सह्या अकरा.

"फुकट आहे, तरी लोक सही करत नाहीत?"

"फुकट आहे म्हणूनच. पूर्वी सरकारनं दिलेलं निमूट घेतलं. आता सरकार काही देतंय म्हटलं की सगळे आधी गळ शोधतात."

सभा बोलावून पाहिली होती, माणसं आली नाहीत. मी त्यांना मोठ्या गुप्ततेनं आमची अर्ध्या तासाची युक्ती सांगितली. बाई म्हणाल्या, आमच्या कायद्यातही आहे, फक्त आमच्याकडे एक तास थांबावं लागतं. माणूस कुठेही जा, सारखाच.

पण सभेनं भागत नाही, सही घरोघर जाऊन आणावी लागते. त्याचा मी वस्ताद. सगळा कारभार हाती घेतला. रोज संध्याकाळी त्या फोन लावणार, मी शेजारी बसून सांगणार. नमिता म्हणाली, बाबा, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. म्हटलं, उंटांच्याच देशात आहोत.

९ नोव्हेंबर, शनिवार

सह्या सोळा!

माझे नियम देसीबाईंनी वहीत लिहून घेतले. अडून बसलेल्या सभासदाला कधीही कायदा सांगायचा नाही. त्याच्याविरुद्ध इतरांना उभं करायचं नाही. आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायची. मग त्याला हवं ते बोलू द्यायचं, कारण तो सांगतो ते कारण कधीच खरं नसतं. कलमं काढणाऱ्याला तर ओळखायचंच : कलम ही पळवाट असते, दुखणं दुसरीकडे असतं.

देसीबाई हे लिहिताना मध्येच थांबल्या आणि आमच्या फ्रिजकडे पाहिलं. तहान लागली असावी. मी पाणी आणून दिलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एकोणीस. फक्त तळमजला राहिला.

तळमजल्यावर स्तोयान राहतो. वय एक्क्याऐंशी, विधुर. देसीबाईंनी तीनदा फोन केला. एकदा म्हणाला चष्मा सापडत नाही, एकदा म्हणाला अर्जाचं सातवं पान नीट छापलेलं नाही. तिसऱ्यांदा उचललाच नाही. एका आडमुठ्या म्हाताऱ्यापायी एकोणीस घरं ताटकळली आहेत आणि ती माउली ओव्हरकोट घालून झोपतेय. मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. जेवताना तसं बोललोही. अमेयनं नमिताकडे पाहिलं, नमितानं आमटीकडे.

पोपटरावांचे दोन फोन येऊन गेले. त्यांना चौदाव्या कलमाचं लिहून पाठवलंय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पोपटरावांनी आज अमेयच्या फोनवर गाठलं. अमेयनं सरळ फोन माझ्या हातात दिला.

"अहो बेलसरे, किती दिवस लावताय राव! चौदावं कलम बदलून दिलं बिल्डरनं. आता काय पंधरावं काढता? मधुअण्णा दोन महिने झाले खाली उतरले नाहीत. वॉकर घेऊन तीन मजले उतरायचे कसे माणसानं? लिफ्टची वाट बघताहेत. तुम्ही आमचे सेक्रेटरी होता, तुम्हाला मी काय सांगायचं?"

"वाचतोय," म्हटलं.

मधुअण्णांनीच मृणालिनीला त्या शेवटच्या रात्री, दवाखान्यात न्यायला, खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं, तेव्हा त्यांचे पाय धड होते. मला ते आठवायला नको होतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्तोयानशी स्वतः बोललो. व्हिडिओ कॉल, आमच्या जेवणाच्या टेबलावरून, देसीबाई दुभाषी.

आधी गुडघे. दोघांचेही वाईट. मग त्यानं विचारलं, तुम्ही काय करत होता? वीज मंडळ म्हटल्यावर तो खूश झाला. तो बांधकामावर होता. हीच इमारत त्यानं बांधली, हिच्या कारखान्यातून तयार आलेल्या भिंती क्रेननं बसवताना खाली तो उभा होता. त्याबद्दल याच इमारतीत घर मिळालं.

मी अर्जाचं नावही काढलं नाही. म्हटलं, घर तर दाखवा. त्यानं फोन घेऊन फिरवला. शेवटी गॅलरी आली. लाकडी चौकटींची, काचा लावून बंद केलेली, प्रत्येक काच वेगळ्या मापाची. खिडकीच्या फळीवर काळपट गोल डाग, ओळीनं, वीस-पंचवीस. कडेला दोन बरण्या, आत काहीतरी लाल.

डाग बरण्यांचे. त्याची बायको वेसेला दर सप्टेंबरात मिरच्या भाजून, वाटून वर्षाची बेगमी करायची आणि गरम बरण्या तिथं मांडायची. जाऊन सहा वर्षं झाली. या दोन तिच्या हातच्या शेवटच्या. उघडल्या नाहीत.

"चार भिंती सरकारनं दिल्या," तो म्हणाला. "ही काच मात्र मी साइटवरून चोरून आणली, एकेक करून, कोटाखाली. आख्ख्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच. नव्या खिडक्या बसवायच्या तर हे आधी काढणार." देसीबाई हे सांगताना हळू झाल्या. इतकी वर्षं त्या इमारतीत राहून त्यांना ते डाग माहीत नव्हते.

मला खरं म्हणजे बोलायचं होतं, पण जमेना. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या असतात, एवढंच म्हणालो.

मग त्यानं विचारलं, "तुमची इमारतही पाडणार आहेत, देसी सांगत होती. मग तुम्ही सही केली?"

देसीबाईंनी हे इंग्रजीत सांगितलं. नमिता स्वयंपाकघरात होती, तिथला नळ बंद झाला.

मी म्हणालो, "येस. केली."

देसीबाईंनी ते स्तोयानला सांगितलं. मग त्यानं नकारार्थी मान हलवली. माझं अवसानच गेलं. पण देसीबाईंनी टाळी वाजवली. त्यांच्याकडे होकाराला मान अशीच आडवी हलवतात. तो म्हणाला होता, "बायको गेलेल्या माणसानं सही केली असेल, तर मीही करीन. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं."

नमितानं चहा आणून ठेवला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

झोप लागली नाही. अठरा वर्षांत मी इतिवृत्तात एक खोटं वाक्य लिहिलेलं नाही. सभेला सहा जण असले तर सहाच लिहिले. आणि काल एका म्हाताऱ्याला तोंडावर खोटं सांगून त्याच्या बायकोची गॅलरी काढून घेतली.

माझी केस वेगळी आहे असं दिवसभर मनाशी घोकलं. वेगळेपण शोधायला बसलो तेव्हा एकच सापडलं : त्याच्याकडे दोन बरण्या आहेत, माझ्याकडे एक ओटा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

स्तोयाननं सही केली. वीसपैकी वीस. अर्ज काल जमा झाला, पोच मिळाली. देसीबाईंनी मला जिन्यातच मिठी मारली. नसरुद्दीन बघत होता. आता बिल्डिंगभर बातमी होणार.

मी त्यांना तिथंच खरं सांगून टाकलं. की मी सही केलेली नाही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "कागद तुमच्या फ्रिजवर आहे. मला मराठी कळत नसलं तरी रिकामी जागा वाचता येते."

"मग सांगितलं का नाहीत त्याला?"

"माझी आई स्वयंपाकघरात झोपते, मिस्टर विजय." त्यांचे डोळे भरले. "मीही माझा गळ टाकला. आता तुम्ही ठरवा, स्तोयानला आपण दोघांनी फसवलं की नाही."

७ डिसेंबर, शनिवार

देसीबाईंच्या फोनवर स्तोयाननं फोटो पाठवला. काम सुरू व्हायला अजून वर्ष आहे, पण त्यानं गॅलरीतली ती फळी आत्ताच स्वतःच्या हातानं काढून आत भिंतीवर ठोकलीय. डागांसकट. वर एकच बरणी. दुसरी कुठे गेली म्हणून विचारलं, तर म्हणाला, उघडली. सहा वर्षांनीही चव तशीच होती. ताटली घेऊन वर देसीबाईंच्या आईकडेही गेला होता, चार जिने चढून.

१० डिसेंबर, मंगळवार

आज आमच्या मार्गावरची मेट्रो सुरू झाली. पत्रे निघाले आणि समोर एवढं मोठं स्टेशन! ईरा शाळेतून आल्यावर तिला आणि देसीबाईंना घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच फिरून आलो. ईरा म्हणाली, "आजोबा, हे सगळं वर्ल्ड कपनंतर कोणाचं?" चक्क मराठीत. मी म्हटलं, जो बल्ब लावील त्याचं. तिला काही कळलं नाही. देसीबाईंना इंग्रजीत सांगितलं, त्या हसल्या.

घरी आलो. चुंबक काढलं, कागद टेबलावर घेतला. नमितानं न सांगता पेन आणून दिलं आणि अमेयला घेऊन खाली किराणा आणायला गेली. किराणा कालच भरला होता.

सही केली. तारीख घालताना हात थांबला. २२ नोव्हेंबर घातली असती तर स्तोयानशी बोललेलं खरं ठरलं असतं. कोण बघणार होतं? पण मागली तारीख मी कधी घातलेली नाही. आजचीच घातली. स्तोयानला खरं काय ते देसीबाई उद्या सांगणार आहेत. मी शेजारी बसणार आहे.

पोपटरावांना फोन लावला. म्हटलं, मधुअण्णांना सांगा, लिफ्ट येतेय. ते म्हणाले, "बेलसरे, शेवटच्या पानावर एक रकाना आहे, सभासदाच्या विशेष मागण्या. तेवढा भरा. वहिनींच्या ओट्याचं मी बिल्डरशी बोलून ठेवलंय. अठ्ठावीस इंच म्हणाल तर अठ्ठावीस करून देईल तो."

म्हणजे पोपटरावांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुखणं कुठे आहे ते, कलमं कशासाठी काढतोय ते, सगळं. आणि इतके दिवस हा माणूस माझ्याशी चौदाव्या कलमावर भांडत राहिला.

फोन ठेवला आणि खूप रडलो. मग चष्मा पुसून तो रकाना भरला : विशेष मागणी काही नाही. जुन्या ओट्याचा कडप्पा तेवढा जपून काढावा, मी घेऊन जाईन. नवा ओटा सर्वांचा आहे त्याच उंचीचा चालेल.